लेकीच्या जबड्यातली गाठ : ‘साधी आहे’ म्हणतात, पण पुढे काय?

ओंजळ

मंडळी, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

मुलगी नऊ वर्षांची. तीनेक महिन्यांपूर्वी तिचं तोंड टॉवेलने पुसताना हाताला लागलं की उजवीकडचा खालचा जबडा डावीकडच्यासारखा नाही. सूज म्हणावी तर मऊ नाही. दाबलं तर दुखत नाही, गरम नाही, लाली नाही. हाडच जाड झाल्यासारखं. दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथली दुधाची दाढ किडलेली होतीच, त्यामुळे ‘हिच्या मुळाशी पू झालाय’ असं ठरलं. पाच दिवस अँटिबायोटिक. मग आणखी पाच दिवस, दुसरं. मग दाढ काढली. पू आलाच नाही. नुसतं रक्त आलं आणि ते थांबायलाही बराच वेळ लागला. सूज जागच्या जागी. या सगळ्यात पूर्ण जबड्याचा एक्स-रे कुणी काढला नाही, फक्त त्या एका दाढेचा बोटाएवढा फोटो.

शेवटी दुसरीकडे ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला. रोज रात्री तो मोबाइलवर मोठा करून बघत बसते. उजव्या पहिल्या कायमच्या दाढेपासून एक काळा डाग निघतो, पुढच्या दातांच्या मुळांखालून मधली रेषा ओलांडतो आणि डावीकडे थोडा जातो. आत जाळीसारख्या पुसट रेघा. जी उपदाढ अजून यायची आहे तिचा कोंब पार जबड्याच्या खालच्या कडेला ढकलला गेलाय, आडवा. बायॉप्सी झाली. रिपोर्ट : सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा, कर्करोग नाही.

एक सर्जन म्हणाले, खरवडून काढू, पुढच्याच आठवड्यात. दुसरे म्हणाले, खरवडली तर परत येईल, तेवढा जबडा कापून पायाचं हाड बसवू. गाठ साधी आणि जबडा कापायचा, हे मला एका वाक्यात बसवता येत नाहीये. कुणाला माहिती, अनुभव?

शंकासुर

कॅन्सर नाही ना? मग एवढी धावपळ कशाला? लहान मुलांच्या गाठी वयात आल्यावर जिरतात असं ऐकलंय. सहा महिने थांबून बघा की.

हाडकुळा

ओंजळताई, मी ओरल सर्जन आहे. इथून उपचार सांगता येत नाहीत, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगता येतं.

सगळ्यांत आधी एक प्रश्न. मुलीच्या रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथॉर्मोन तपासलंय का? तुमच्या पोस्टमध्ये उल्लेख नाही म्हणून विचारतो. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागल्या, किंवा मूत्रपिंडाच्या जुन्या आजारामुळे बिथरल्या, तर हाडं आतून पोखरली जातात आणि जबड्यात अशीच गाठ होते. तिला ब्राउन ट्यूमर म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती आणि तुमच्या रिपोर्टातली गाठ, दोन्ही सारख्याच दिसतात. फरक रक्तात कळतो. तो आजार निघाला तर उपचार मानेतल्या ग्रंथीचा, आणि जबड्याची गाठ बहुतेक वेळा आपोआप भरून येते. मुलांमध्ये हे क्वचित सापडतं, मान्य. पण एका सुईचं काम आहे, आणि ते न करता जबडा उघडणं मला तरी पटत नाही.

दुसरा मुद्दा ‘साधी’ या शब्दाचा. साधी म्हणजे ती फुप्फुसात किंवा दुसरीकडे जाऊन बसत नाही, एवढंच. जागच्या जागी ती हाड खाते, दात सरकवते, मुळं झिजवते. १९५३ मध्ये जाफ्फी यांनी जबड्यातल्या या गाठीला लांबहाडांतल्या गाठीपासून वेगळं काढलं तेव्हा तिच्या नावात ‘भरून काढणारी’ अशा अर्थाचा एक शब्द होता. पुढे तो गळला, कारण बऱ्याच गाठी भरून काढण्याऐवजी पोखरतानाच दिसल्या.

तिचे दोन स्वभाव मानतात, शांत आणि आक्रमक. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा एकदा काढून पुन्हा आलेली असेल तर आक्रमक. नाहीतर वेगाने वाढ, दात सरकणं, मुळं झिजणं, बाहेरचं हाड पातळ होणं किंवा त्याला भोक पडणं, यांतल्या तीन गोष्टी दिसल्या तर आक्रमक. तुमच्या वर्णनावरून दोन तर दिसताहेतच. दोन सर्जन दोन टोकांचं बोलले ते बहुधा यामुळेच. शांत गाठ खरवडून बरी होते. आक्रमक नुसती खरवडली तर परत येण्याची भीती मोठी.

हाडकुळा

शंकासुर, ‘वयात आल्यावर जिरते’ हे चेरुबिझमबद्दल (मुलांचे दोन्ही गाल फुगवणारा आनुवंशिक आजार) खरं आहे, या गाठीबद्दल नाही. दोन्हींत जायंट सेल, म्हणजे थोराड पेशी, दिसतात म्हणून घोळ होतो.

दोनपोरांचाबाप

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. आम्ही यातून गेलोय, फक्त गाठ वेगळी होती.

थोरला दहा वर्षांचा असताना वरचा जबडा डावीकडे फुगला. नाक एका बाजूने बंद. पहिला रिपोर्ट आला ‘फायब्रस डिस्प्लेशिया’. सांगितलं, हे हाडाचं बिघडलेलं विणकाम आहे, वाढ संपली की थांबतं, तोवर हात लावू नका. आम्ही आनंदाने थांबलो. सहा महिन्यांत डोळ्याखालचं हाड वर आलं. मोठ्या रुग्णालयात गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी सीटीवर बोट ठेवून दाखवलं. फायब्रस डिस्प्लेशियात बिघडलेलं हाड आजूबाजूच्या चांगल्या हाडात विरघळत जातं, कड सापडत नाही. आमच्या स्कॅनमध्ये मात्र पेन्सिलने काढल्यासारखी कड होती. स्लाइड पुन्हा वाचल्या. निदान बदललं : ज्युवेनाइल ऑसिफाइंग फायब्रोमा (मुलांतली, आत हाड तयार करणारी साधी गाठ), ट्रॅबेक्युलर प्रकार. हा मुलांच्या वरच्या जबड्यात जास्त सापडतो आणि थांबत नाही.

पहिल्यांदा खरवडली. दीड वर्षाने परत आली. दुसऱ्यांदा भोवतालच्या हाडासकट काढली. आता पाच वर्षं झाली, स्वच्छ आहे. तीन दात गेले, ते नंतर बसवायचे आहेत. पोरगा मजेत असतो, आरशात आमच्यापेक्षा कमी बघतो.

सांगायचं काय, तर निदानाचं नाव एकदा दुसऱ्या डोळ्यांनी वाचून घ्या. आमचे सहा महिने एका नावापायी गेले.

काचपट्टी

वरचा प्रतिसाद वाचून माझ्याच बिरादरीची बाजू मांडते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे.

आमच्याकडे टेबलावर काय येतं? बाटलीत पोह्याएवढे तीन-चार तपकिरी तुकडे आणि एक फॉर्म. फॉर्मवर लिहिलेलं असतं ‘जबड्यातील सूज, वय ९’. एक्स-रे नाही, रक्ताचा रिपोर्ट नाही. जायंट सेल म्हणजे वीस-वीस केंद्रकं असलेल्या थोराड पेशी. त्या या गाठीत दिसतात, ब्राउन ट्यूमरमध्ये दिसतात, चेरुबिझममध्ये दिसतात, अॅन्युरिझमल बोन सिस्टमध्येही (हाडातली रक्ताने भरलेली पोकळी) दिसतात. काच, म्हणजे स्लाइड, एकच गोष्ट सांगते, चार आजार एकच चेहरा घालून येतात. ओळख पटते ती स्कॅन आणि रक्त शेजारी ठेवल्यावर. म्हणून ओपीजीची प्रत पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचली का, एवढं विचारा. बहुतेकदा पोचलेली नसते.

गाठ एकाच जागी आहे की अनेक, हेही बघायला सांगा. अनेक असतील तर चेरुबिझम, नूनान सिंड्रोम, न्यूरोफायब्रोमॅटोसिस अशा जनुकीय आजारांची दारं उघडतात आणि जनुकतज्ज्ञाची गरज पडते.

दोनपोरांचाबाप, तुमच्या मुलाचं कॅल्शियम तपासलं होतं का? ऑसिफाइंग फायब्रोमा आणि पॅराथायरॉइडचा आजार एकत्र आढळतात असा एक आनुवंशिक विकार आहे, सीडीसी७३ या जनुकातल्या दोषामुळे होणारा. त्यात ग्रंथीचा कर्करोगही होऊ शकतो. विरळ आहे, पण विचारून ठेवा.

आणि दुसरं मत घेताना फक्त रिपोर्टचा कागद घेऊन जाऊ नका. काचा आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. तेच खरं. अवांतर वाटेल, पण हाडाचा तुकडा मऊ करायला तीव्र आम्लात बुडवला की त्यातला डीएनए खराब होतो आणि नंतर जनुक तपासायचं म्हटलं तर काही हाती लागत नाही. फायब्रस डिस्प्लेशिया की फायब्रोमा हे जीएनएएस जनुकाने ठरवता येतं. पण तुकडा ईडीटीए या सौम्य रसायनात सावकाश मऊ केलेला असेल किंवा थोडा मऊ भाग वेगळा राखलेला असेल तरच. बायॉप्सी व्हायच्या आधी हे कुणी सांगत नाही, नंतर सांगून उपयोग नसतो.

दोनपोरांचाबाप

तपासलं नव्हतं. पुढच्या भेटीत विचारतो. धन्यवाद, काचपट्टीताई.

ओंजळ

बाप रे. रक्त तपासलेलं नाही. एकाही ठिकाणी नाही. उद्या सकाळी पहिलं तेच.

अंधारखोली

रेडिओलॉजीवाला. दोन गोष्टी.

दाढ काढताना जास्त रक्त आलं असं लिहिलंय. ही गाठ रक्ताळ असतेच, त्यामुळे या वेळी निभावलं. पण जबड्यात कधीकधी रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि ओपीजीवर तेही अशाच जाळीदार डागासारखं दिसू शकतं. त्यावरचा दात नुसता उपटला तरी रक्त थांबता थांबत नाही, जिवावर बेतलेलं आहे. म्हणून जबड्यातल्या काळ्या डागात बायॉप्सीआधी जाड सुई घालून ओढून बघायची पद्धत आहे. लालभडक रक्त जोरात आलं तर तिथेच थांबायचं.

दुसरं, स्कॅन. दर भेटीला सीटी नको. मूल आहे, किरणांचा हिशेब आयुष्यभराचा. शस्त्रक्रियेचं ठरवायला एक नीट सीटी किंवा सीबीसीटी (जबड्यापुरता सीटी), मग लक्ष ठेवायला ओपीजी पुष्कळ होतो. मऊ भागात शिरलीय का बघायचं असेल तर एमआरआय.

ओठ बधिर आहे का मुलीचा?

ओंजळ

नाही. टाचणीच्या डोक्याने टोचून बघितलं, दोन्हीकडे सारखं कळतं. का विचारलंत?

अंधारखोली

मग बरं आहे. साधी गाठ खालच्या जबड्यातल्या संवेदनेच्या नसेला बाजूला सारते, सहसा खात नाही. काही न करता ओठ किंवा हनुवटी बधिर झाली की आम्ही कान टवकारतो आणि रक्ताचे, हाडाचे दुष्ट आजार आधी शोधतो. आठवड्या-दोन आठवड्यांत भराभर वाढणारी सूज, अनेक दात एकदम हलायला लागणं, ताप, वजन उतरणं, यांचंही तसंच. त्यात एकही दिवस घालवायचा नसतो.

चांदणचुरा

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. बहिणीच्या मुलाला दोन्ही गाल फुगलेत, वय चार. डोळ्यांचं पांढरं खालून जास्त दिसतं, वर बघतोय असं वाटतं. वडिलांचे लहानपणचे फोटो बघितले तर तेही तसेच गुबगुबीत!

हाडकुळा

वडिलांचे फोटो बघितलेत ते उत्तम केलंत, ही अर्धी तपासणी झाली. हे चेरुबिझमचं वर्णन आहे. जोन्स यांनी १९३३ मध्ये एका घरातल्या मुलांवरून ते लिहिलं. २००१ मध्ये त्याचं जनुक सापडलं, एसएच३बीपी२. आई किंवा वडिलांकडून येतं, निम्मी शक्यता प्रत्येक मुलाला. दोन ते पाच वर्षांच्या वयात दिसू लागतं, काही वर्षं वाढतं, वयात आल्यावर मंदावतं आणि पुढे हाड भरत जातं. म्हणूनच इथे घाईने सुरी लावायची नसते. श्वास, नजर किंवा गिळणं अडत असेल तरच लवकर हात घालतात. दातांची आबाळ मात्र होते, त्यासाठी लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर आत्तापासून हवेत. अर्थात निदान इथे नाही, प्रत्यक्ष दाखवून.

मुक्कामपोस्ट

वाचनखूण साठवली.

रानवारा७

तीन महिन्यांचं बाळ आहे भावाचं. वरच्या हिरडीवर पुढे निळसर-काळी फुगवटी आलीय, पंधरा दिवसांत दुप्पट. डॉक्टर म्हणाले दात येत असेल, महिनाभर बघू. कुणाला असं झालंय?

टाकेदुरुस्त

महिनाभर थांबू नका. उद्या बालशल्यचिकित्सक किंवा ओरल सर्जन गाठा. बाळाच्या पहिल्या वर्षात वरच्या जबड्यात पुढे, निळीकाळी आणि भराभर वाढणारी एक विरळ गाठ असते, मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर. बहुतांश साधीच असते, पण हाड आणि दातांचे कोंब गिळत जाते. लवकर काढली तर थोडक्यात भागतं, तरी काहींत परत येते. नुसती दात येतानाची रक्ताची फुगवटी असण्याची शक्यताही आहेच, ती निरुपद्रवी. पण पंधरा दिवसांत दुप्पट म्हणताय म्हणून म्हणतो, बघून ठरू द्या.

जन्मतःच हिरडीला गुलाबी, देठाची गोळी असेल तर ती वेगळी, जन्मजात एप्युलिस. मुलींत कितीतरी जास्त. ती जन्मानंतर वाढत नाही, कधी आपोआप आक्रसते.

आता ओंजळताई, तुमच्याकडे. हाडकुळा यांच्याशी बहुतेक सहमत, पण पुढचं त्यांनी लिहिलं नाही ते लिहितो. खरवडणे आणि कापणे यांच्या मधे बऱ्याच पायऱ्या आहेत. एक म्हणजे गाठीतच स्टेरॉइडची इंजेक्शनं. ट्रायअॅम्सिनोलोन भुलीच्या औषधात मिसळून दर आठवड्याला एक, अशी सहा, ही जुनी रूढ पद्धत. जायंट सेल हाड खातात, स्टेरॉइड त्यांचं तोंड बांधतं. दुसरं कॅल्सिटोनिन हे हॉर्मोन, महिनोन्‌महिने चालतं आणि निकाल कुठे चांगले, कुठे काहीच नाही. तिसरं, खरवडून नंतर इंटरफेरॉन. चौथं डेनोसुमॅब, हाडं ठिसूळ होण्यावरचं औषध. ते गाठीवर जोरात चालतं. पण वाढत्या मुलांत ते बंद केल्यावर कॅल्शियम उसळी मारू शकतं, दवाखान्यात भरती करण्याइतकं. म्हणून ते हाताळायचं तर बालहॉर्मोनतज्ज्ञ शेजारी हवा.

माझं स्वतःचं मत : इंजेक्शनांचं कौतुक थोडं जास्तच होतं. लहान, आटोपशीर गाठीत छान चालतात. मोठ्या आक्रमक गाठीत बरेचदा ती गाठ आकसवून देतात आणि शेवटी खरवडावं लागतंच.

हाडकुळा

शेवटी खरवडावं लागलं तरी कापावं लागलं नाही ना? मी याला यश म्हणतो. नऊ वर्षांच्या मुलीत दोन दात आणि हनुवटीची नस वाचणं फार मोठं आहे.

टाकेदुरुस्त

हे मात्र मान्य.

ओंजळ

आणि समजा कापायचीच वेळ आली तर? पायाचं हाड काढल्यावर ती चालेल का? जबडा तिच्यासोबत वाढेल का?

टाकेदुरुस्त

चालेल. नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिनीसकट काढून जबड्यात जोडतात. १९८९ पासून जबड्यासाठी वापरतात. घोट्याकडचा भाग राखून ठेवतात, तरी लहान मुलांत घोटा बाहेर झुकू शकतो, म्हणून तिथे स्क्रूने बांधून घेणं आणि पुढे लक्ष ठेवणं. छोटी पोकळी असेल तर कमरेच्या हाडाचा तुकडा पुरतो. आणि मुलांची एक जमेची बाजू आहे. हाडावरचं पातळ आवरण शाबूत राखलं तर जबडा स्वतःहून नवं हाड घालू शकतो, मोठ्या माणसात असं क्वचितच बघायला मिळतं. वाढीचा प्रश्न खरा आहे : लावलेलं हाड बाकीच्या चेहऱ्याच्या चालीने वाढेलच असं नाही, त्यामुळे वाढ थांबल्यावर एखादी दुरुस्ती धरून चालायची. पण तुम्ही त्या पायरीवर नाही आहात. आधी रक्त.

शंकासुर

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. शिकायला मिळालं.

ओंजळ

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय. मधे बऱ्याच जणांनी विचारलं, उत्तरं दिली नाहीत, माफ करा.

कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथॉर्मोन, तिन्ही नॉर्मल. काचा आणि ब्लॉक घेऊन दुसरीकडे वाचून घेतले, निदान तेच राहिलं. पहिल्या ठिकाणी ब्लॉक मागितले तर ‘रिपोर्ट दिलाय ना’ म्हणाले. तीन खेपा घातल्या. गाठ मोजली, ४ सेंटिमीटरच्या थोडी वर. हाड बाहेरून पातळ, पण भोक नाही. सहा इंजेक्शनं ठरली.

पहिल्या वेळी सुई लोण्यात जावी तशी गेली. डॉक्टरांनी मला मुद्दाम उभं केलं होतं. औषध विनासायास आत. तिला दुखलं, रडली, घरी येताना बोलली नाही. चौथ्या वेळी त्यांना पिस्टन दाबायला जोर लावावा लागला. ते हसले आणि म्हणाले, हे मला आवडलं, आत हाड धरतंय. सहाव्या वेळी सुई दोन जागी शिरलीच नाही.

काल ओपीजी झाला. काळ्या डागाच्या कडेने पांढरी रेघ आलीय, आत धुकं. डावीकडचा भाग भरत आलाय. उजवीकडे एक पोकळी अजून काळी आहे, ती पुढच्या महिन्यात तोंडातून खरवडायची आहे, कापायचं नाही. नंतर दर सहा महिन्यांनी फोटो, बरीच वर्षं.

आणि तो उपदाढेचा कोंब, आडवा पडलेला. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवले तर तो थोडा उभा झालाय. मला वाटलं माझा भास. ऑर्थोडॉन्टिस्टना दाखवला, त्यांनी पट्टी लावून मोजला आणि म्हणाले, खरंच वळलाय, वाट मोकळी मिळाली तर वर येऊ शकतो, नाही आला तर ओढून आणू. अंधारखोली, फोटो अपलोड करायची सोय सापडत नाहीये, कुठे टाकू?

अंधारखोली

संपादनाच्या खिडकीत खाली क्लिपचं चिन्ह आहे. मुलीचं नाव आणि नोंदणी क्रमांक कोपऱ्यातून कापून मग टाका.